पर्समधला बॅज
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मी पिंपळे गुरवहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आजचा विषय आधीच सांगितला तर निम्म्या जणी रेडिओ बंद करून भाकरी थापायला जातील. म्हणून आधी आमच्या गटात काय घडलं ते सांगते, विषय त्यातूनच निघेल.

गेल्या वर्षी श्रावणातली बैठक होती. देवळाच्या सभामंडपात आम्ही चौदा जणी. गटातल्या एका ताईला घराची किल्ली सापडेना, म्हणून तिने पर्स जमिनीवर उलटी केली. टिकल्यांचं पाकीट, गटाचं पासबुक, पीएमपीची चार जुनी तिकिटं, आणि एक प्लॅस्टिकचा चपटा बॅज. बॅजला मागे चिमटा, पुढे तिचं नाव. ही ताई एका खासगी दवाखान्यात एक्स-रे विभागात मावशी म्हणून काम करते. सहा वर्षं झाली. मी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणाली, "किरणांचं लॉकेट आहे. हे घातलं की मशीनची किरणं अंगाला लागत नाहीत म्हणे. पण साडीला टोचतं, म्हणून पर्समध्येच ठेवते."

आमच्यातल्या आजी हसल्या. "पर्समध्ये ताईत ठेवून बाधा जाते व्हय गं?" म्हणाल्या.

सगळ्या हसल्या, ताईसुद्धा. मला मात्र रात्री झोप लागली नाही. तिला सहा वर्षांत कुणी धड सांगितलंच नव्हतं. खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. माझं बीए इतिहासात झालंय, सायन्स दहावीला सोडलं. मग नात्यातल्या एका मुलीला विचारलं, ती एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा करतेय. वाचनालयात बसले, जमेल तेवढं वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

तो बॅज ताईत नाही, मीटर आहे. घरातल्या विजेच्या मीटरसारखा. मीटर लावल्याने वीज कमी जळत नाही, किती जळली ते कळतं. बॅजमध्ये एका पत्र्याच्या पट्टीवर तीन छोट्या चकत्या असतात. त्यांच्यात कॅल्शियम सल्फेट नावाची पूड असते आणि तिच्यात किंचित डिस्प्रोशियम. नाव अवघड आहे, विसरलात तरी चालेल. किरणं पडली की ही पूड त्यांची थोडी शक्ती आपल्यात धरून ठेवते. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकती तापवली की ती चमकते. जितकी किरणं लागली तितकी चमक जास्त. ती चमक मोजून आकडा लिहितात, आणि तो आकडा त्या माणसाच्या नावावर जमा होतो. नोकरी बदलली तरी आधीची नोंद पुसायची नसते.

आपल्या गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? नियमित नोंदी. वहीने पैसे वाढत नाहीत. पण वही नसली तर कुणाचे किती, कुणाकडे किती, काही कळत नाही, आणि बँक दारात उभं करत नाही. हा बॅज म्हणजे अंगाला लागलेल्या किरणांची वही.

ही वही कुणी सुरू केली हे शोधायला गेले, आणि पहिल्यांदा भेटल्या त्या मुलीच. कारखान्यातल्या मुली.

अमेरिकेत १९१७ च्या सुमारास घड्याळाच्या तबकड्या रंगवायचे कारखाने निघाले. अंधारात आकडे चमकावेत म्हणून रंगात रेडियम घालायचे. कामाला बहुतेक तरुण पोरी. आकडा बारीक यावा म्हणून ब्रशचं टोक ओठांनी करायचं, रंगात बुडवायचं, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत. त्यांना तसंच शिकवलं होतं. रंग निरुपद्रवी आहे असंही सांगितलं होतं. मजा म्हणून त्या नखांना, दातांना रंग लावायच्या. काही वर्षांत दात पडू लागले, जबड्याची हाडं कुजू लागली, काही मेल्या. कारण असं की शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतं. दुधातलं कॅल्शियम जसं हाडात जाऊन बसतं तसं ते बसतं, आणि आतून किरणं सोडत राहतं. न्यू जर्सीतल्या कंपनीने हार्वर्ड विद्यापीठातल्या तज्ज्ञाकडून तपास करून घेतला. त्याने कामाचा दोष दाखवला, तर कंपनीने अहवाल फिरवून सरकारला भलतंच कळवलं. शेवटी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणी कोर्टात गेल्या. १९२८ साली तडजोड झाली, नुकसानभरपाई मिळाली. तोवर त्यांच्यातल्या काहींना धड चालता येत नव्हतं.

पुढे १९४१ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ बसले आणि ठरवू लागले, की माणसाच्या अंगात किती रेडियम चालेल. त्यांच्यापाशी आधार होता तो या मुलींच्या शरीरांच्या मोजमापाचा. रॉब्ली इव्हान्स नावाच्या शास्त्रज्ञाने एक आकडा सुचवला आणि बाकीच्यांना विचारलं, की तुमची बायको किंवा मुलगी या कामावर असती तर हा आकडा तुम्हाला चालला असता का? सगळ्यांना पटेल असा आकडा ठरला, एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अणुबाँबचं काम हाती घेतलं. तिथल्या कामगारांना जपायला शिकागोत वेगळी माणसं नेमली, त्यांच्या कामाला हेल्थ फिजिक्स हे नाव पडलं. त्यांनी हाती घेतलेला एक आधार म्हणजे हा मुलींच्या हाडांवरून काढलेला आकडा. आज जगातल्या कुठल्याही अणुभट्टीत कामगाराला जपण्याचे जे नियम आहेत त्यांच्या तळाशी त्या पोरी आहेत. मला हे वाचून बराच वेळ पुढचं पान उलटता आलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईला तुर्भ्याला, म्हणजे ज्याला ट्रॉम्बे म्हणतात तिथे, डॉ. होमी भाभांनी अणुशक्तीचं केंद्र उभं केलं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथे अप्सरा ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. पाण्याखाली निळा उजेड पडतो, त्यावरून पंडित नेहरूंनी हे नाव दिलं. वर्तमानपत्रांत फोटो अप्सरेचे आले. पण तिच्याभोवती काम करणाऱ्यांना मोजणारा एक वेगळा विभागही तिथे उभा राहिला, तो डॉ. अनिलकुमार गांगुली यांनी वाढवला. त्या काळी आजच्यासारखी चकती नव्हती, फिल्मचा बॅज होता. दाताच्या एक्स-रेला वापरतात तेवढा फिल्मचा तुकडा, काळ्या कागदात गुंडाळून डबीत घातलेला. किरणं पडली की फिल्म काळवंडते. ती धुवायची, किती काळी झाली ते मोजायचं आणि नावापुढे लिहायचं. १९७५ पासून फिल्मच्या जागी चकतीचा बॅज येऊ लागला.

बॅज बाहेरून पडणारी किरणं मोजतो. श्वासातून, हातातोंडातून धूळ पोटात गेली तर? त्या मुलींचं तेच झालं होतं. म्हणून युरेनियम आणि थोरियमच्या कामावरच्या माणसांची लघवी तपासायची पद्धत आली. जाड पोलादी भिंतींची एक खोली बांधली. त्यात माणसाला निजवून त्याच्या अंगातून काय बाहेर पडतं ते मोजायचं. पोलाद अशासाठी, की बाहेरची किरणं मोजमापात मिसळू नयेत.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली, ती म्हणजे दूध. पन्नासच्या दशकात अमेरिका आणि रशिया उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या करत होते. त्याची धूळ वाऱ्याने जगभर जायची, पावसाबरोबर गवतावर पडायची, गवत गाय खायची. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम असतं, तेही शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. म्हणून जगभर शास्त्रज्ञ दूध तपासत होते, आणि आपल्या लोकांनीही ते काम घेतलं. बाँब कुणी फोडला आणि वाटी कुणाच्या पोराच्या तोंडाला लागली, बघा.

याच सुमारास, १९५५ साली, संयुक्त राष्ट्रांनी किरणांच्या परिणामांचा अभ्यास करायला पंधरा देशांची समिती नेमली. तिच्यावर भारताकडून गेले ते मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर. हे रोगनिदानाचे डॉक्टर. माणसाच्या रोजच्या सवयीतून कॅन्सर कसा होतो हे ते आधीपासून शोधत होते. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई नावाच्या त्यांच्या सहकारी बाईंनी लिहिलं होतं, की कमरेला कपडा वर्षानुवर्षं घट्ट आवळला तर तिथल्या कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. (परकराची नाडी काचत असेल आणि तिथली जखम भरत नसेल, तर अंगावर काढू नका. हे विषय सोडून झालं, पण राहवलं नाही.) सांगायचं असं, की आपली जगण्याची रीत आणि आपलं दुखणं यांचा धागा बघणारा माणूस तिथे बसला होता.

केरळच्या किनाऱ्याची गोष्टही ऐका, नाहीतर माझं ऐकून नुसती भीतीच बसेल. तिथल्या वाळूत मुळातच थोरियम आहे. त्या पट्ट्यातल्या घरांत इतर गावांपेक्षा कितीतरी पट जास्त किरणं असतात, पिढ्यान्‌पिढ्या. त्रिवेंद्रमच्या कॅन्सर केंद्राने करुनागप्पल्ली तालुक्यातल्या सुमारे ७०,००० माणसांचा दहाएक वर्षं माग ठेवला. २००९ साली निष्कर्ष छापला, की या किरणांमुळे कॅन्सर जास्त झालेला दिसत नाही. किरण म्हटलं की मरण, असं नसतं. किती, किती दिवस, आणि अंगाबाहेरून की आतून, यावर सगळं आहे. म्हणून तर मोजायचं.

पण मोजायच्या नावाखाली माणसाला न विचारता वापरलं, असंही झालंय, आणि बायकांच्या बाबतीत झालंय. अमेरिकेत नॅशव्हिल गावी १९४५ पासून दोनेक वर्षं आठशेच्या वर गरोदर बायकांना किरणोत्सर्गी लोह पेयातून पाजलं. बाळंतपणात लोह अंगी कसं लागतं ते बघायचं होतं. बायका गरीब, मोफत तपासणीला आलेल्या. पेय पौष्टिक आहे असं समजून प्यायल्या. दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची. १९६९ साली इंग्लंडात कोव्हेंट्रीला आपल्याकडून गेलेल्या एकवीस बायकांना घरी चपात्या पोचवल्या गेल्या. त्या चपात्यांच्या कणकेत किरणोत्सर्गी लोह होतं. बायकांचं रक्त कमी का, हे शोधायचं होतं. मग गाडीत घालून हारवेल नावाच्या अणुसंशोधन केंद्रात नेलं आणि अंगात किती लोह राहिलं ते मोजलं. १९९५ साली तिथल्या टीव्हीवर हे बाहेर आलं. संशोधन करणारे म्हणाले, मात्रा अगदी थोडी होती, आणि समजावून सांगितलं होतं. असेल. पण कुणाच्या भाषेत? त्यातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी येत नव्हतं.

आपल्या गटातही हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर होतं. बोट पुढे करतो, आकडा कागदावर लिहिला जातो, आणि कागद घेऊन माणसं निघून जातात. आपला आकडा विचारणाऱ्या दहात दोन असतात.

परत तुर्भ्याला येते. १९६० साली भाभांनी आपल्या माणसांना लेखी बजावलं होतं, की किरणांचं काम असं करा की कामगाराला किंवा बाहेरच्या कुणाला इजा होणार नाही, आणि देशातल्या बाकीच्या संस्थांना तुमच्याकडे बोट दाखवून असं करा म्हणून सांगता यावं. फार मोठं मन. पुढे १९८३ साली या सगळ्यावर देखरेखीला अणुऊर्जा नियामक मंडळ झालं, त्याचं ऑफिस मुंबईलाच अणुशक्तीनगरला आहे. आणि २०१२ साली सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगने अहवाल दिला. देशात दवाखान्यांतली एक्स-रे केंद्रं ५७,४४३, त्यातली मंडळाकडे नोंदलेली फक्त ५,२७०. म्हणजे शंभरातली एक्क्याण्णव कुणाच्या वहीतच नव्हती. त्यानंतर नोंदणी ऑनलाइन झाली, पुष्कळ सुधारलं म्हणतात. पण तुर्भ्याच्या कुंपणाच्या आत पन्नासच्या दशकात जी काळजी घेतली गेली, ती आमच्या ताईपर्यंत पर्समध्ये पडलेल्या प्लॅस्टिकच्या रूपात पोचली. शिकवण मागेच राहिली.

तर आम्ही काय केलं ते सांगते. पुढच्या बैठकीला त्या डिप्लोमावाल्या मुलीला बोलावलं. तिने चुलीचं उदाहरण दिलं. चुलीपासून दुप्पट लांब सरकलं की धग निम्मी नाही, पाव होते. किरणांचंही तसंच. आणि मशीन बंद झालं की एक्स-रे संपला, तो खोलीत साचून राहत नाही, भिंतीला, चादरीला लागत नाही. हे ऐकून ताईने मोठा सुस्कारा टाकला. ती सहा वर्षं घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय लेकरांना जवळ घेत नव्हती!

मग मुलीने विचारलं, "मावशी, फोटो काढताना तुम्ही कुठे असता?" ताई म्हणाली, लहान मूल रडलं, हललं की धरायला मीच असते. दिवसातून चार-पाच वेळा. शिशाचा एप्रन एकच आहे, तो टेक्निशियन घालतो.

इथे सगळ्या गप्प झाल्या.

मूल धरायचं तर नात्यातल्या मोठ्या माणसाने, शिशाचा एप्रन घालून, आणि ती बाई गरोदर नको. विभागातल्या एकाच माणसाने रोज रोज धरायचं नाही. त्याचा एक फोटो असतो, हिचे दिवसाला पाच. बॅज छातीवर लावायचा, एप्रनच्या आत. एकाचा बॅज दुसऱ्याने लावायचा नाही. दिवस राहिले असतील तर लाजू नये, लगेच विभागात सांगावं. कारण कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, पण पोटातल्या बाळाला, दिवस राहिल्याचं सांगितल्यापासून बाळंतपणापर्यंत, फक्त १. मिलिसिव्हर्ट म्हणजे किरणांचं माप, जसं दुधाचं लिटर. अंदाज यावा म्हणून सांगते, काही न करता नुसत्या जमिनीतून, आकाशातून, अन्नातून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच.

हे दवाखान्याचं झालं. आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात आणखी दोन ठिकाणी हा प्रश्न येतो. एक फाउंड्री. लोखंडाच्या कास्टिंगमध्ये आत पोकळी राहिली का, वेल्डिंगला चीर आहे का, हे बघायला त्याचाही फोटो काढतात. कधी मशीनने, कधी इरिडियमच्या कॅमेऱ्याने. हे इरिडियम बटण दाबून बंद होत नाही, ते शिशासारख्या जड डबीत आत ओढून ठेवावं लागतं. तुमच्या घरातलं कुणी तिथे असेल, तर दोरी बांधलेल्या हद्दीच्या आत शॉर्टकट मारायचा नाही, मग शिफ्टची बस सुटली तरी चालेल. दुसरं भंगार. आमच्या भागातल्या कितीतरी जणी भंगार वेचतात, कुदळवाडीच्या गोदामांत निवडायला जायच्या. २०१० साली दिल्लीला मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठाचं एक जुनं यंत्र लिलावात गेलं. आत कोबाल्ट होतं. दुकानात ते फोडलं, चकाकणारे तुकडे वाटले गेले, एकाने तर पाकिटात ठेवला. एक माणूस गेला, सात जण दवाखान्यात पडले. म्हणून हे चिन्ह लक्षात ठेवा: पिवळ्यावर पंख्याची तीन पाती, मध्ये ठिपका. लहान असून शिशासारखी जड डबी, आणि तिच्यावर हे चिन्ह, तर भाव कितीही मिळो, हात लावायचा नाही. लांब व्हा, पोरांना लांब करा आणि पोलिसांना ११२ वर फोन करा.

आता ताईचं पुढे काय झालं ते. तिला एकटीला विचारायची भीती वाटत होती, कंत्राटी नोकरी आहे, उद्या येऊ नको म्हटलं तर? मग आम्ही गटाच्या लेटरहेडवर साधी दोन ओळींची विनंती लिहिली, की सभासदाच्या बॅजच्या नोंदींची प्रत मिळावी. भांडण नाही, तक्रार नाही. पहिल्यांदा "साहेब नाहीत" झालं, दुसऱ्यांदा "हे तुम्हाला कळणार नाही" झालं. तिसऱ्यांदा ताई स्वतः म्हणाली, "नाही कळलं तर गटात वाचून घेईन." तीन आठवड्यांनी कागद मिळाला.

कागदावर सगळीकडे शून्य.

ताई खूश झाली. आजींनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकल्यावर म्हणाल्या, "हे शून्य तुझं नाही गं. पर्सचं आहे."

पर्स बाहेर खुंटीला लटकलेली असते. सहा वर्षं खुंटीला काय लागलं ते त्या कागदावर आहे, ताईला काय लागलं ते कुठेच नाही. एक्स-रे खोलीतल्या मावशीला लागणारी किरणं बहुधा थोडीच असतात, असं त्या मुलीने सांगितलं, आणि ताईची तब्येत ठीक आहे. पण ती सहा वर्षं आता मोजता येत नाहीत.

दिवाळीपासून ताई बॅज छातीवर लावते. टोचतो म्हणून आतल्या बाजूला कापडाची घडी शिवून घेतली, आमच्याच गटातल्या एकीने शिवून दिली. विभागात दुसरा एप्रन आलाय. मूल धरायला आता आईला नाहीतर बापाला आत घेतात, घाईच्या वेळी कधी कधी अजून ताईलाच हाक येते, तेव्हा ती एप्रन मागते. गटाच्या वहीत मागच्या बाजूला आम्ही एक पान आखलंय. ताईचं, आणि आमच्यात आणखी एक निघाली, दाताच्या दवाखान्यात काम करते, तिचं. तीन महिन्यांचा एक रकाना. पहिल्या रकान्यात ताईचा आकडा आलाय, ०.०५. तो बघून तिने दोनदा खात्री केली, की शून्य नाही ना. मग स्वतःच्या हाताने लिहिला आणि पुढे सही केली.